पातेऱ्यावर जगणारे सातभाई

माघ सरत आला की सावित्रीच्या खोऱ्यात जमिनीचा आवाज बदलतो. महाडपासून पोलादपूरपर्यंत आणि पुढे आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत साग, ऐन, किंजळ, पळस पानं गाळू लागतात. फाल्गुनात तर रानात पाऊल ठेवलं की चर्र वाजतं. गळालेल्या पानांच्या या थराला कोकणात पातेरा म्हणतात. वरचा पापुद्रा उन्हानं कडक झालेला असला तरी खालच्या पानांत ओल टिकून असते, आणि त्या ओलीच्या आधारानं मुंग्या, वाळवी, भुंगेरे, कोळी, नाकतोड्यांची पिल्लं, सुरवंट, गोमी अशी मोठी प्रजा तिथे नांदते. झाडं बोडकी आणि ओढे आटलेले असताना किडे खाऊन जगणाऱ्या पक्ष्याला वर फांद्यांवर फारसं काही मिळत नाही. जे आहे ते खाली आहे. पण खाली उतरण्यात जिवाचा धोका आहे. सातभाई हा पक्षी जसा आहे तसा का आहे, याचं उत्तर मला या दोन गोष्टींत दिसतं.

धोका कशात आहे ते आधी नीट पाहू. सातभाई साळुंकीएवढा, सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीचा. अंग मातकट राखी, चोच पिवळसर, पाय दणकट, शेपूट लांब आणि जराशी सैल लोंबती. पंख आखूड आणि गोलाकार. अशा पंखांनी झुडपाझुडपांतून वळता येतं, पण जमिनीवरून झटकन उठून लांब पल्ला गाठता येत नाही. मोकळी जागा ओलांडायची झाली तर तो चार-दोन वेळा पंख फडफडवतो आणि उरलेलं अंतर तरंगत जातो. शिक्र्यासारख्या शिकाऱ्याला याहून सोपं सावज कोणतं?

त्यात त्याची खाण्याची रीत. सातभाई टुणटुण उड्या मारत पातेऱ्यात शिरतो, चोच पानाखाली घालतो आणि मानेला हिसडा देऊन पान बाजूला उडवतो. खाली दिसलं ते टिपतो, की लगेच दुसरं पान. या कामात डोळे जमिनीला लागलेले असतात आणि कानांत स्वतःच उडवलेल्या पानांची खसखस भरलेली असते. मागून मुंगूस आलं तरी ऐकू येणार नाही, वरून शिक्रा सुटला तरी दिसणार नाही. एकट्या पक्ष्यानं हे काम करायचं म्हटलं तर दर दोन पानांमागे एकदा मान वर करून चौफेर पाहावं लागेल. मग पोट कधी भरणार? आणि पाहिलं नाही, तर तोच कुणाच्या तरी पोटात जाणार.

सातभाई एकटे राहत नाहीत ते यामुळे. सहा ते दहा पक्ष्यांची टोळी हे त्यांचं नेहमीचं प्रमाण. कधी चारच असतात, कधी पंधरापर्यंत जातात. लोकांनी सात हा आकडा धरला तो अंदाजानं, पण अंदाज वाईट नाही. सगळे भाऊच असतात असंही नाही. टोळीत आई-बाप असतात, त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले मुलगे असतात, यंदाची पिल्लं असतात आणि दुसऱ्या टोळीतून आलेली एखादी मादीही असते. तिच्यामुळेच टोळीत नवं रक्त येत राहतं.

ही टोळी पातेऱ्यावर उतरली की एखादा पक्षी खाली न येता वर थांबतो. करवंदीच्या जाळीचा शेंडा, वईचा खांब, आंब्याची खालची फांदी, अशी जरा उंच आणि उघडी जागा त्याला पुरते. बाकीचे पानं उलटत असताना हा चोच वर करून चहूकडे पाहत बसतो. थोड्या वेळानं तो उतरतो आणि दुसरा कुणी वर चढतो. महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीवर सकाळी तासभर शांत बसलं तर ही पाळी बदलताना स्पष्ट दिसते. एखादी टोळी नजरेला पडली तर खालच्या पक्ष्यांत गुंतण्याआधी वरचा शोधावा. त्याच्या वागण्यावरून पुढे काय होणार ते कळतं.

वर बसणारा पक्षी असं का करतो? त्याला खायला मिळत नाही, उलट शिकाऱ्याच्या नजरेत तोच आधी भरतो. या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं वाद घातला आहे, आणि वादाचं केंद्र सातभाईंचेच भाऊबंद होते. इस्राएलमधले अमोत्झ झहावी यांनी १९७० च्या दशकापासून तिथल्या वाळवंटातल्या अरबी सातभाईंचा पिढ्यान्‌पिढ्या मागोवा घेतला. पहारा देण्यासाठी पक्ष्यांत चढाओढ लागते, वरच्या मानाचा पक्षी खालच्या मानाच्या पक्ष्याला पहाऱ्यावरून हटवून स्वतः बसतो, असं त्यांना दिसलं. पहारा हा त्यांच्या मते मोठेपणा दाखवण्याचा मार्ग होता. ज्याला हा खर्च परवडतो तोच बलवान, हे सगळ्यांना दिसावं म्हणून पक्षी तो खर्च उघडपणे करतो. १९७५ मध्ये त्यांनी मांडलेला आणि पुढे जगभर गाजलेला सिद्धान्त याच विचाराचा होता. त्यावर दुसरं उत्तर आलं ते सरळ होतं. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला खाली राहून मिळवण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. त्यानं वर बसून पाहत राहण्यात त्याचाही जीव वाचतो, आणि इतरांना फायदा आपोआप होतो. मला हे दुसरं उत्तर जास्त पटतं. टोळी पातेऱ्यावर नुकतीच उतरलेली असताना वर बसायला कुणी फारसं राजी नसतं, आणि पोटं भरत आली की वरच्या जागा भरायला लागतात, हे आपल्याकडच्या टोळ्यांतही पाहता येतं.

आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात काळ्या-पांढऱ्या सातभाईंवर झालेलं काम याला पुढचा दुवा जोडतं. तिथला पहारेकरी गप्प बसत नाही. तो हलक्या आवाजात एकसारखा बोलत राहतो, म्हणजे ‘मी आहे, पाहतो आहे’ एवढं खालच्यांना कळत राहतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी या आवाजाचं ध्वनिमुद्रण टोळीला ऐकवलं. आवाज येत असताना खालचे पक्षी मान कमी वेळा वर करू लागले, एकमेकांपासून जास्त लांब पांगले आणि त्यांना खाणं जास्त मिळालं. दोन पक्षी जवळजवळ असले की एकाच पातेऱ्यावर दोघांची नजर पडते. पांगता आलं तर प्रत्येकाला अजून कुणी न उलटलेली पानं मिळतात. पहारेकऱ्याच्या आवाजाची किंमत अशी थेट पोटात मोजता आली.

सातभाईंचा गोंगाट बऱ्याच माणसांना नकोसा वाटतो. तेल न घातलेल्या रहाटासारखा कर्कश, आणि एकानं सुरू केला की सगळ्यांनी उचललेला. पण दिवसभर कान देऊन ऐकलं तर त्यात थर सापडतात. खाताना ते एकमेकांशी खालच्या पट्टीत सतत कुजबुजत असतात. पातेऱ्यात आणि झुडपांत एकमेक दिसत नाहीत, तेव्हा या कुजबुजीवर टोळी एकत्र राहते. टोळी पुढे सरकताना आवाज जरा वर जातो. शिक्रा दिसला तर एक तीव्र, तुटक आवाज येतो आणि क्षणात सगळे जाळीत गडप होतात. साप दिसला की मात्र उलट होतं. तिथे लपून उपयोग नसतो, सापाला हुसकून लावायचं असतं. मग सगळी टोळी जमते, पंख-शेपूट पसरते आणि ‘के के के’ करत कल्ला करते. कोकणातल्या परड्यांत वावरणाऱ्या बायकांना हा कल्ला चांगला ओळखू येतो. सातभाई एकाच जागेकडे तोंड करून हलता हलत नसतील, तर त्या बाजूला शेणी आणायला कुणी हात घालत नाही. कालाहारीतल्या त्याच पक्ष्यांबद्दल २०१६ मध्ये एक सुंदर निष्कर्ष आला. सावध करणारा एक आवाज आणि ‘इकडे या’ असं बोलावणारा दुसरा, हे दोन्ही एकापुढे एक जोडून ते पक्षी ‘सावध, आणि इकडे या’ असा तिसरा अर्थ साधतात. अर्थपूर्ण तुकडे जोडून मोठा अर्थ तयार करणं ही माणसाच्या भाषेचीच खासियत मानली जात होती. तिचा एक छोटा धागा सातभाईंच्या गोतावळ्यात निघावा, याचं मला तरी नवल वाटत नाही. ज्यांचं जगणं सतत एकमेकांना काही सांगण्यावर उभं आहे, त्यांच्यातच असं काही रुजणार.

आता आपल्या खोऱ्यातला सातभाई नेमका कोणता, ते सांगायला हवं. जंगली सातभाई भारतभर आहे, हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत. पण सह्याद्रीच्या उत्तर भागात, दक्षिण गुजरातपासून गोव्यापर्यंत, त्याची एक वेगळी उपजाती राहते. तिची शेपूट तांबूस असते आणि पंखांची मोठी पिसं गडद तपकिरी. महाडच्या सातभाईचा फोटो दिल्लीच्या सातभाईशेजारी ठेवला तर फरक लगेच कळतो. या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८३२ मध्ये केलं आणि त्याला सोमरव्हिल या आडनावावरून नाव दिलं. साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. पिकं, गावं, माणसं, जनावरं यांची नोंद करता करता त्यानं पक्ष्यांचीही मोठी यादी केली आणि लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे मांडली. त्याच यादीत त्यानं आणखी एका सातभाईचं वर्णन केलं, मोठ्या राखी सातभाईचं, आणि त्याला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याचं नाव दिलं. महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्याच्या नावानं वसली, तोच हा माल्कम.

पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढणाऱ्याला या दोन पक्ष्यांचा आणि जमिनीचा संबंध एका दिवसात पाहता येतो. खाली सावित्रीच्या काठी, शेताच्या बांधांवर, वाडीतल्या आंब्या-फणसांखाली तांबूस शेपटीचा जंगली सातभाई. घाट चढून प्रतापगडाच्या बाजूला झाडी दाट आणि सदाहरित होत जाते, तसा तो विरळ होतो आणि लांब, वाकडी, पिवळी चोच असलेला त्यांचा आणखी एक नातलग भेटतो. तो बहुतेक जोडीनं किंवा लहानशा घोळक्यात झुडपांच्या आत राहतो. दिसण्यापेक्षा त्याचा घुमणारा आवाजच जास्त ऐकू येतो. महाबळेश्वर ओलांडून पाचगणीच्या पलीकडे वाईकडे उतरलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो, बोरी-बाभळी आणि माळरान सुरू होतं, आणि तिथे माल्कमच्या नावाचा मोठा सातभाई येतो. तो उडताना शेपटीच्या कडेची पांढरी पिसं चमकतात. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि डोंगराच्या त्या अंगाला माळावर त्याचा लहानसा हिस्सा. पावसाबरोबर झाडं बदलतात, झाडांबरोबर जमिनीवर काय पडतं ते बदलतं, आणि त्याप्रमाणे तिथे कोण चरणार तेही.

टोळीच्या घरगुती जीवनाबद्दल आपल्याला जे पक्कं माहीत आहे, त्याचा पाया भारतातच घातला गेला. १९७० मध्ये अँड्र्यूज आणि नाईक यांनी बडोद्यात जंगली सातभाईच्या जीवनक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच दशकात अँथनी गॅस्टन यांनी दिल्लीत टोळ्यांमागे हिंडून त्यांचे आपसातले संबंध आणि जन्म-मृत्यूचा हिशेब मांडला. त्यातून उभं राहिलेलं चित्र थोडक्यात असं. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. शेजारची टोळी हद्दीवर आली की दोन्ही बाजू समोरासमोर येऊन आरडाओरडा करतात, कधी झटापटही होते. हद्दीच्या आत सगळे एकत्र खातात, दुपारी एकत्र सावलीत बसतात, एकमेकांची डोक्या-मानेवरची पिसं साफ करतात. ही जागा पक्ष्याला स्वतःच्या चोचीनं साफ करता येत नाही, दुसऱ्याचीच चोच लागते. रात्री एका आडव्या फांदीवर अंगाला अंग लावून ओळीनं झोपतात. तरुण पक्षी एकमेकांच्या मागे धावतात, लुटुपुटीची कुस्ती खेळतात, आणि मोठेही त्यात सामील होतात. खेळात भान हरपलेला पक्षी शिकाऱ्याला सोपा सापडतो, तरी ते खेळतात.

घरटं झाडाच्या मधल्या उंचीवर, दाट पानांत. अंडी बहुधा तीन ते चार, चकचकीत गडद निळी, त्यांवर एकही ठिपका नाही. दोनेक आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि आणखी दोनेक आठवड्यांत, धड उडता येत नसतानाच, घरटं सोडतात. या सगळ्या काळात त्यांना भरवायला फक्त आई-बाप नसतात. टोळीतले इतर पक्षीही चोचीत अळ्या-किडे घेऊन घरट्यावर येतात. एका पिल्लाच्या उघड्या चोचीत सकाळपासून चार-पाच जणांनी घास घातलेला असतो.

स्वतःची पिल्लं नसताना दुसऱ्याच्या पिल्लांसाठी राबावं, हे निसर्गात कसं टिकतं, याचं उत्तर जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये गणितानं दिलं. धाकट्या भावंडांत आपलाच आनुवंशिक वाटा असतो, साधारण स्वतःच्या पिल्लात असतो तेवढाच. ती जगली तर तो वाटाही पुढच्या पिढीत जातो. पण नातं हा उत्तराचा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग जमिनीत आहे. चांगला पातेरा, लपायला जाळी, घरट्याला झाड, असं सगळं असलेल्या जागा कुणीतरी आधीच धरलेल्या असतात. तरुण नरानं टोळी सोडली तर तो जाणार कुठे? एकटा पक्षी पातेऱ्यावर जगू शकत नाही, हे आपण वर पाहिलं. म्हणून तो घरीच राहतो, धाकट्यांना वाढवतो, हद्द राखतो, आणि कधीतरी बाप गेला किंवा शेजारची टोळी मोडली तर त्या जागी बसतो. मुली मात्र साधारण दोन वर्षांच्या झाल्या की बाहेर पडतात. विणीच्या वयाला यायला तिसरं वर्ष उलटावं लागतं. टोळी सोडल्यापासून दुसऱ्या टोळीत सामावून जाईपर्यंतचा काळ हा मादीच्या आयुष्यातला सगळ्यात जोखमीचा काळ असणार. तिच्यासाठी पहारा द्यायला तेव्हा कुणी नसतं.

उन्हाळा चढतो तसा खोऱ्यात पावशा ओरडायला लागतो. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं शेतकऱ्याला सांगणारा हा पक्षी स्वतः मात्र सातभाईंच्या घरट्यावर नजर ठेवून असतो. त्याचं अंगडं शिक्र्यासारखं, उडणंही तसंच. पहिल्या पावसाबरोबर आफ्रिकेकडून चातक येतो, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात, आणि दोघांचीही अंडी निळी. पावशाचं पिल्लू बहुधा घरट्यातल्या इतर अंड्यांना बाहेर ढकलतं. चातकाचं पिल्लू तसं करत नाही, ते यजमानाच्या पिल्लांबरोबरच वाढतं, फक्त खाण्यात मोठा वाटा मागतं. गॅस्टन यांनी दिल्लीत चातकाच्या या परोपजीवनाचाही अभ्यास केला आणि १९७६ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

मला यातला पुढचा भाग जास्त लक्षवेधी वाटतो. दुसरा एखादा पक्षी परक्या पिल्लाला वाढवतो तेव्हा एक जोडपं फसतं. इथे सगळी टोळी फसते. श्रावण-भाद्रपदात भाताच्या खाचरांच्या कडेला सातभाईंच्या टोळीत मधोमध एक पट्टेरी, वेगळ्याच अंगाचं पिल्लू किरकिरत बसलेलं दिसलं, तर ते पावशाचं समजावं. त्याची किरकिर सातभाईंच्या पिल्लासारखीच असते, आणि एकामागून एक पक्षी येऊन त्याला भरवून जातो. ज्या मदतीवर टोळी तगते, तीच मदत परक्याला आयती मिळते. त्याच वेळी मोठा पावशा दिसला की हीच टोळी त्याच्या मागे लागते. घरट्यावर डोळा ठेवणारा म्हणून की शिक्रा समजून, हे पक्ष्यांच्या दृष्टीनं सारखंच. हाकलणं योग्यच ठरतं.

टोळीबरोबर इतरही चालतात. टकाचोर वरच्या फांद्यांवरून सोबत करतो, कोतवाल जवळच बसून राहतो, आणि पोलादपूरच्या वरच्या रानात लांब शेपटीच्या दोन तारांना पिसांची टोकं असलेला भृंगराज हमखास असतो. सातभाई पानं उलटतात तेव्हा काही किडे उडून जातात, आणि ते हवेतच पकडण्यात कोतवाल पटाईत. बदल्यात तो शिक्रा दिसताच ओरडतो, अगदी शिक्र्याच्या अंगावरही जातो. श्रीलंकेच्या सिंहराजा अरण्यात गुडेल आणि कोटगामा यांनी पाहिलं की तिथला भृंगराज सातभाईंचे आवाज काढतो आणि ते ऐकून मिश्र थव्यातले इतर पक्षी त्याच्याकडे ओढले जातात. म्हणजे टोळी नसेल तेव्हा तो आवाजानं टोळी जमवतो. कालाहारीतला कोतवाल याही पुढे जातो. तो खोटा इशारा देतो, सातभाई सापडलेला किडा टाकून पळतात आणि हा खाली येऊन तो उचलतो. खरे इशारे पुष्कळ देत असल्यामुळे त्याचा खोटा इशाराही चालून जातो.

पातेऱ्यावर हक्क सांगणारे फक्त पक्षी नाहीत. महाड-पोलादपूरचा भातशेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजत आला आहे. पावसाआधी रोपांच्या जागेवर शेण, झाडांच्या टहाळ्या, गवत आणि पातेरा पसरून, वर मातीचा हात देऊन ते पेटवायचं, म्हणजे तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं आणि रोप जोमानं वर येतं. या टहाळ्या-पातेऱ्यावरून इंग्रज सरकारच्या वन खात्याशी एवढा झगडा झाला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी तपासायला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं. राबामुळे सातभाईंचं फार बिघडलं असं मला वाटत नाही. शेतकरी नेमून ठेवलेल्या जागेपुरता पातेरा उचलतो, बांधावरची जाळी आणि वाडीतला पाला तसाच राहतो, आणि माणसाच्या वस्तीजवळच्या अशा विस्कटलेल्या, अर्ध्या सावलीच्या जागाच या पक्ष्याला मानवतात.

वणव्याची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी ते मे या काळात डोंगरउतारांवरचं गवत पेटतं, कधी कुणी लावतं, कधी बेफिकिरीनं लागतं, आणि आग खाली वाडीपर्यंत येते. एका संध्याकाळी उताराचा सगळा पातेरा जातो, त्याच्याखालची ओल जाते, आणि नेमके तेच दिवस सातभाईंच्या पहिल्या विणीचे असतात. मोठे पक्षी उडून वाचतात. घरट्यातली पिल्लं आणि नुकती घरट्याबाहेर पडलेली, धड न उडणारी पिल्लं कुठे जाणार? वाचलेल्या टोळीला आपली हद्द काळी झालेली सापडते, आणि चारी बाजूंच्या हद्दी दुसऱ्यांनी धरलेल्या असतात. आगीनंतरच्या आठवड्यांत टोळ्यांची हद्दीवरची भांडणं का वाढावीत, हे त्यावरून समजू शकतं.

खोऱ्यातून जाणारा महामार्ग रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. आखूड पंखांच्या, झुडपातून झुडपात सरकणाऱ्या पक्ष्याला उघड्या डांबराची रुंद पट्टी ओलांडणं सोपं नाही, विशेषतः टोळी शोधत एकट्या निघालेल्या मादीला. जिथे मोरीवरून झाडी जुळलेली राहिली आहे तिथे ये-जा चालू दिसते. रस्त्याच्या कामात अशा जागा राखणं फार खर्चाचं नाही, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पक्षी पाहायला मोठं साहित्य लागत नाही. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, किहीमला, सलीम अलींनी १९३० मध्ये घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीवर लक्ष ठेवून त्यांच्या घरट्यांचं आणि जोड्यांचं गणित उलगडलं. सातभाई तर त्याहून सोपे. ते दारातच असतात, माणसाला फारसे बुजत नाहीत आणि आपली हद्द सोडून लांब जात नाहीत, म्हणून तीच टोळी रोज भेटते. वयाची खूणही उघडी आहे. पहिल्या वर्षातल्या पक्ष्याचे डोळे गडद असतात. पुढे बुबुळातल्या काळ्या रंगावर बिनरंगी तंतूंचा थर चढतो आणि डोळा फिकट दुधाळ होतो. चांगली दुर्बीण असेल तर टोळीत यंदाची पिल्लं किती ते मोजता येतं, आणि चैत्रात मोजलेली किती भाद्रपदात उरली तेही.

सकाळी सूर्य डोंगरावर आल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंतची वेळ सगळ्यात चांगली, आणि जागा आंब्या-काजूच्या बागेची. ज्या बागेत आळ्यांतला पातेरा झाडून जाळला जातो तिथे टोळी घाईनं पुढे सरकते. जिथे तो बुंध्याशी आच्छादन म्हणून राहू दिला आहे, ओल धरून ठेवतो म्हणून हल्ली बरेच बागायतदार तो ठेवतात, तिथे ती एकेका झाडाखाली बराच वेळ रेंगाळते. एक पक्षी वर बसतो आणि बाकीचे आळ्यात गोल उभे राहून पानं उलटतात. पिल्लं आधी नुसतीच मागे मागे करून चोच उघडतात. मग एखादं पिल्लू मोठ्यानं नुकतंच उलटलेलं पान पुन्हा उलटून पाहतं, खाली काही नसतं, आणि ते शेजारच्या पानाकडे वळतं.